मनाली बोलत नाही

वैशाखरे, ता. मुरबाड
१२ सप्टेंबर २०२४

आदरणीय संघरत्नाबाईंना यमूचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखाल की नाही कोण जाणे. डोळखांबच्या वरच्या कातकरी वाडीतली मी, पहिली ते चौथी तुमच्या वर्गात होते. ओढ्यातला जिवंत खेकडा तुमच्या पिशवीत ठेवणारी मुलगी ती मीच. आता लग्न होऊन वैशाखऱ्याच्या वाडीत असते, घाटरस्त्यावरच्या हॉटेलात भाकऱ्या करते. नवऱ्याचं नाव संदीप, मुलगी मनाली. ती या वर्षी पहिलीत गेली.

फोन करायला हवा होता, पण घरात फोन एकच, तोही संदीपच्या खिशात. रेंज येते ती हॉटेलासमोर. तिथे उभं राहून मनातलं बोलायचं म्हणजे सगळ्या वाडीला दवंडी पिटायची. म्हणून पत्र लिहिते. अक्षराला वळण तुम्हीच लावलेलं आहे.

विषय असा की गावच्या शाळेत अर्धी मुलं आमच्या वाडीतली आहेत. एक संस्था आली आहे. त्यांचं म्हणणं, पहिलीच्या वर्गात मराठीबरोबर कातकरीतूनही शिकवायचं. गोष्ट आधी कातकरीत, मग तीच मराठीत. त्यासाठी वाडीतली एक शिकलेली बाई रोज वर्गात बसवायची. वाडीत दहावी पास मी एकटीच, त्यामुळे ते माझ्याच दारात आले.

बाई, मला भीती वाटते. आज कातकरी गोष्ट, उद्या कातकरी मुलांची बाकं वेगळी आणि परवा खोली वेगळी झाली तर? तुम्ही आम्हाला सांगायचात, घरीसुद्धा मराठीच बोला. मी ते पाळलंय. मनालीशी मी जन्मापासून मराठीतच बोलते. अडचण आहे ती सासूची. भागी तिचं नाव. तिला मराठी येतं ते बाजारापुरतं, आणि मी कामावर असताना नात दिवसभर तिच्याजवळ. संध्याकाळी येते तेव्हा पोरीच्या तोंडात सगळी कातकरीच असते.

महिन्याभरात शाळेत पालकांची सभा आहे. मी हो म्हणू की नाही, एवढं कळवा.

तुमची विद्यार्थिनी,
यमू


शहापूर
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय यमू,

सप्रेम जयभीम. तो खेकडा मी विसरेन होय? माझं बोट दोन दिवस सुजलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, इतक्या वर्षांत एवढं सरळ अक्षर पाहिलं नव्हतं. पत्र शेजारणीलाही दाखवलं.

उत्तर एका शब्दात देते. हो म्हण.

मूल ज्या भाषेत भांडतं, हट्ट करतं, त्या भाषेतून सुरुवात केली तर मराठी लवकर येते आणि घट्ट बसते. हे मला फार उशिरा कळलं, नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली तेव्हा. घरी मराठीच बोला, असं मी तुम्हाला सांगायचे ते चूक होतं. त्याबद्दल कधीतरी भेटीत बोलू, पत्रात नको.

वेगळ्या बाकांची तुझी भीती मला समजते. पण वर्गात तू स्वतः बसणार असशील तर असं कोणी करू लागताच तूच पहिली ओरडशील. आणि सासूबाईंना बोलू दे. त्या तुझं नुकसान करत नाहीत, तुझं काम करतायत.

सभेत काय झालं ते कळव.

तुझी,
संघरत्नाबाई


वैशाखरे
१९ ऑक्टोबर २०२४

आदरणीय बाई,

रागावू नका. मी नाही म्हणून आले.

झालं असं. सभा भरली, संस्थेच्या ताईंनी चित्रांची पुस्तकं दाखवली. गावातला एक बाप उठला आणि म्हणाला, ‘‘आमची पोरं काय कातकरी शिकनार? असं असंल तर आमी मुरबाडला इंग्लिश मिडीयमला टाकतो.’’ ताई समजावायला लागल्या, तेवढ्यात आमच्याच वाडीतले जाणूकाका उठले. ते म्हणाले, ‘‘आमची भाषा आमाला घरात येते. ती शिकवाया शाळा कशाला पायजे? आमाला येत नाय ते शिकवा.’’ मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उठले आणि शुद्ध मराठीत म्हटलं, ‘‘आम्हाला वेगळं काही नको. सगळ्यांच्या मुलांना मिळतं तेच आमच्या मुलांना द्या.’’ टाळ्या पडल्या. गावातल्या माणसांनीही वाजवल्या. गावातल्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायची ही पहिलीच वेळ. घरी येताना मी जवळजवळ पळतच होते. मग चुलीपुढे बसले तेव्हा मनात आलं. त्यांनी इतक्या पटकन टाळ्या का वाजवल्या, बाई?

संस्था दुसऱ्या शाळेत गेली.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पण ते चूक होतं म्हणता, तर मग मी दहावी कशी झाले? वाडीत दुसरं कोणी झालं नाही. तुम्ही आता वयामुळे मऊ झाला असाल, असं मला वाटतं.

बाकी ठीक. दिवाळीनंतर दीर देवजी भाऊजी भिवंडीकडे वीटभट्टीवर जातील, त्यांच्याबरोबर सासूही जाणार आहे. तिला जरा हवापालट.

तुमची,
यमू


वैशाखरे
२९ डिसेंबर २०२४

आदरणीय बाई,

तुमचं उत्तर आलं नाही. रागावलात, हे समजलं. तरीही लिहिते, कारण दुसरं कोणी नाही.

मनाली बोलत नाही.

आधी वाटलं, घसा धरला असेल. मग शाळेतून निरोप आला की वर्गात हजेरीलासुद्धा ती हात वर करते, आवाज देत नाही. आता घरीही नाही. भूक लागली की टोपाकडे बोट दाखवते. पडली, गुडघा फुटला, तरी आवाज न करता रडली. दारात कोणी परकं आलं की भाताच्या कणग्यामागे जाऊन उभी राहते आणि तिला हाताला धरून बाहेर काढावं लागतं. ऐकू नीट येतं. पत्र्यावर मांजर चाललं तरी मान वळवते.

रेश्मा मॅडम म्हणून तिच्या वर्गशिक्षिका आहेत, नव्या आहेत आणि स्वभावाने चांगल्या. त्यांनी मला बोलावून विचारलं, ‘‘तिला आपण बोलतो ते कळतं का हो?’’ मी म्हटलं, कळतं. त्यांनी एक कागद दिला. ६ फेब्रुवारीला मुरबाडला तपासणी शिबिर आहे, डॉक्टर येणार आहेत. कागदावर छापलंय ‘बौद्धिक अक्षमता’, आणि पुढे रिकामा चौकोन आहे. तेवढी मराठी मला वाचता येते, बाई. वाचता आली नसती तर बरं झालं असतं.

वाडीत म्हणतात, त्या चौकोनात खूण झाली की मूल निवासी शाळेत नेतात, आणि तिथून ते दिवाळीलाच घरी येतं. भाकरी थापताना माझा हात मध्येच थांबतो, तव्यावरची करपते. मालक दोनदा बोलला. संदीप म्हणतो, शिबिराला जायलाच नको, त्या आठवड्यात आपण सगळे भट्टीवर जाऊ. मी काय करू ते लगेच लिहा.

यमू


शहापूर
६ जानेवारी २०२५

प्रिय यमू,

हो, रागावले होते. दोनदा पत्र लिहिलं आणि दोनदा फाडलं. तुझा राग नव्हता, टाळ्या वाजवणाऱ्यांचा होता, आणि आणखी एका व्यक्तीचा. ते राहू दे. या पत्राने मी राग बाजूला ठेवला आहे.

आधी हे पक्कं समजून घे. आईबापांच्या संमतीशिवाय तुझ्या मुलीला कोणी कुठेही नेऊ शकत नाही. शिबिरापासून पळू नका. पळालात तर रेश्मा मॅडम बिचाऱ्या नाइलाजाने काहीतरी लिहितील आणि तेच कायम राहील. खरं सांगायचं तर त्या चौकोनाला मीसुद्धा घाबरते. एकदा खूण झाली की पुढचा शिक्षक आधी फाइल उघडतो. मुलीला शिकवायचं की नुसतं बसवून ठेवायचं, हे तिथेच ठरून जातं. असं होताना मी पाहिलं आहे.

आता मला तीन गोष्टी सांग. ती कोणत्या दिवसापासून गप्प झाली? त्याच्या आदल्या दिवशी घरात काय झालं? आणि सासूबाई का गेल्या? वीटभट्टीवर हवापालटाला कोणी जात नाही, यमू. त्या धुरात चांगली तरणी माणसं खोकतात. खरं लिही. मी तुझी सभा नाही, माझ्यापुढे शुद्ध बोलायची गरज नाही.

वाट बघते.

संघरत्नाबाई


वैशाखरे
१४ जानेवारी २०२५

बाई,

मीच पाठवलं सासूला.

सभेनंतर चार दिवसांनी गावातली एक बाई हॉटेलात आली. मला ऐकू जाईल अशी दुसरीला म्हणाली, ‘‘सभंत लय बोलली ही, आन् हिची पोर वर्गात कातकरीच बोलते.’’ मी परातीतून मान वर केली नाही. त्या संध्याकाळी मी संदीपला म्हटलं, तुझी आई इथे असेपर्यंत पोरीला मराठी येणार नाही. तो म्हणाला, तू शिकलेली, तुला कळतं.

म्हातारीने आपलं आवरलं. गोधडी घेतली, तंबाखूची डबी घेतली. टेम्पोत चढायच्या आधी ती मनालीपुढे बसली आणि काहीतरी सांगायला लागली. मी म्हटलं, आय, सांगायचं ते मराठीत सांगा. एवढं सांगण्याइतकं मराठी तिच्याजवळ नव्हतं. तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि टेम्पोत चढली. आता हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

त्यानंतर मनाली कातकरीतच रडायची, आजीला कातकरीतच हाका मारायची. मग मी तुम्ही करायचात तेच केलं. चिंचोका. तुम्ही छडी कधी उचलली नाही, म्हणून मला ती मायेची शिक्षा वाटायची. वर्गात कातकरी शब्द निघाला की जिभेखाली चिंचोका धरायचा, शाळा सुटेपर्यंत. चिंचोका तोंडात असला की बोलता येत नाही, आणि हळूहळू सवय मोडते. मी मनालीला कमी वेळ द्यायचे, फक्त भाकऱ्या होईपर्यंत.

आठ दिवसांत कातकरी बंद झाली. मी खूष झाले, बाई. मला वाटलं जमलं, आता मराठी येईल. नववा दिवस गेला, दहावा गेला, काहीच आलं नाही. तेव्हापासून घरात फक्त माझा आवाज आहे, आणि तोही मला परक्या बाईसारखा ऐकू येतो.

मी काय चुकीचं केलं? मी तर सगळं तुमच्यासारखंच केलं.

यमू


शहापूर
२० जानेवारी २०२५

प्रिय यमू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. सूनबाईला सांगितलं, पित्त झालंय.

चिंचोका ही माझीच युक्ती. मला तिचा अभिमान होता. छडीपेक्षा बरी, म्हणून मी ती केंद्रप्रमुखांनाही सांगितली होती आणि त्यांनी पाठ थोपटली होती. असं का केलं, ते सांगते. मला मोकळं कर म्हणून नव्हे, तुला कळावं म्हणून. मी लहान असताना आमच्या घरात ‘नाय’ म्हटलं की माझे वडील ताटावरून उठायला लावायचे. त्यांचं म्हणणं असं की, शुद्ध बोललीस तर तुझी वस्ती कोणती हे कोणी विचारणार नाही. मी शुद्ध बोलायला शिकले. लोक तरीही विचारत राहिले. मग मी तुमच्या वाडीत आले आणि माझ्या वडिलांची भीती तुमच्या जिभेखाली ठेवली.

आणखी एक सांगते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या पुढच्या वर्गात सरस्वती नावाची मुलगी होती, आठवते? तिच्या घशात चिंचोका अडकला. ओठ निळे पडले. मी तिला उलटी धरून पाठीत बुक्क्या मारल्या तेव्हा तो निघाला. त्या दिवशी मी ते बंद करायला हवं होतं. मी फक्त मोठे चिंचोके निवडायला लागले. आजही नातू शेंगदाणे खायला लागला की मी खोलीतून उठून जाते.

दहावी तू झालीस ती तुझ्या हुशारीने, माझ्यामुळे नाही. तुझ्या वर्गात वाडीतली अकरा मुलं होती. बाकीची दहा कुठे गेली, हे मी कधी विचारलं नाही.

आता ऐक. घरातले चिंचोके आजच्या आज चुलीत घाल. संदीपला पाठवून सासूबाईंना आण आणि त्यांची माफी माग. मग तू स्वतः मनालीशी तुमच्या भाषेत बोल. शिबिरात तिथल्या डॉक्टरांसमोर बोल. मूल बोलतं, फक्त त्यांच्या भाषेत नाही, हे त्यांना दिसलं पाहिजे.

मी मुरबाडला येऊ शकते, गुडघे तेवढे चालतात. पण येणार नाही. मला समोर बघितलंस की तू पुन्हा मराठीतच बोलशील.

तुझी अपराधी,
संघरत्ना


वैशाखरे
८ फेब्रुवारी २०२५

बाई,

शिबिर झालं. जसं झालं तसं लिहिते.

संदीपने सव्वीस जानेवारीला आईला आणलं. ती खोकत आली, अर्धी झालेली. मनाली तिला बघून धावली, मांडीवर बसली, पण तोंड उघडलं नाही. म्हातारीनेही उघडलं नाही. मी हात जोडले, म्हटलं, आय, चुकले मी, बोला तिच्याशी. ती आमच्या भाषेत मला म्हणाली, ‘‘तू मला गप्प केलंस. आता आधी तू बोल.’’

आणि मला येईना, बाई. शब्द विसरले नव्हते, सगळे आठवत होते. दहा दिवस मी चुलीपुढे, ओढ्यावर, वाटेत एकटीच असताना प्रयत्न केला. एकटी असले की यायचे. पोरगी समोर आली की मराठीच निघायचं. दोघी आजी-नात माझ्याकडे बघत बसायच्या. शिबिराच्या सकाळी संदीप म्हणाला, ‘‘चल, अजून टाइम हाय, भट्टीवर जाऊ.’’ मी मनालीचा हात धरला आणि मुरबाडच्या जीपमध्ये बसले. सासू न विचारता मागून चढली.

मोठी खोली होती, भिंतीला लागून बाकं. आमच्या शाळेतली आणखी तीन मुलं आणि गावातल्या त्यांच्या आया होत्या. हॉटेलात बोललेली ती बाईही होती. डॉक्टरबाईंनी मनालीला समोर बसवून चित्रं दाखवली. विमान, केक, सफरचंद, पोलीस. हे काय आहे, बाळा? मनाली टेबलाच्या कडेकडे बघत होती. त्यांनी विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? बरोबर आलेल्या रेश्मा मॅडम म्हणाल्या, मराठीच, आईनेच शाळाप्रवेशाच्या फॉर्मवर लिहिलंय. ते खरं होतं. मीच लिहिलं होतं, जूनमध्ये, ठळक अक्षरात.

डॉक्टरबाईंनी पेन उचललं. मला तो चौकोन दिसत होता. पेनाचं टोक आणि चौकोन यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. आणि मी बोलले.

काय बोलले ते विचाराल तर हसाल. मी आमच्या भाषेत मनालीला विचारलं, काल चुलीत भाजलेले कंद कोणी संपवले, तू की आजीने? एवढंच. पण मोठ्याने, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. बाकावरच्या बायकांची कुजबूज थांबली. शाळेत गेले तेव्हापासूनच्या तेवीस वर्षांत वाडीच्या बाहेर आमची भाषा मी पहिल्यांदा बोलले, आणि थांबता येईना म्हणून बोलतच राहिले. कंद, आजी, ओढा, जे सुचेल ते.

मनाली खुर्चीवरून उतरली. पळत आली, माझ्या मांडीवर चढली आणि दोन्ही हातांनी तिने माझं तोंड दाबलं. इतकं घट्ट की माझा ओठ दातात आला. मान वळवून तिने डॉक्टरबाईंच्या पेनाकडे बघितलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून ती बोलली. तीन महिन्यांनी, आमच्या भाषेत, न अडखळता. तुम्हाला समजावं म्हणून मराठीत लिहिते. ती म्हणाली, ‘‘आई, गप बस. ते तुझंपण नाव लिहितील आणि तुला घेऊन जातील.’’

हे मीच तिला सांगितलं होतं, बाई. चिंचोका थुंकून टाकला म्हणून एका संध्याकाळी सांगितलं होतं, की कातकरी बोललीस तर साहेब येऊन नाव लिहून नेतात. मागच्या पत्रात तुम्हाला सगळं खरं लिहिलं, आणि हे तेवढं लिहिलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, काय म्हणाली ती? तिचे हात माझ्या तोंडावरच होते, त्यातूनच मी सांगितलं. जसं म्हणाली तसं, आणि तिला ते कोणी शिकवलं तेही. रेश्मा मॅडमनी तोंड फिरवलं. डॉक्टरबाईंनी चौकोन रिकामा ठेवला आणि खाली लिहिलं की मूल स्वतःच्या भाषेत पूर्ण वाक्य बोलतं, जूनमध्ये पुन्हा तपासावं, दुभाषा बरोबर असावा. कागद त्यांच्या फाइलमध्येच आहे. जूनचं मला आत्ताच भय वाटतं. रेश्मा मॅडम म्हणाल्या, संस्थेला पुन्हा बोलावते, वर्गात बसाल का? मी हो म्हटलं.

येताना जीपमध्ये गावातल्या बायका पुढे बसल्या होत्या. मी मनालीशी आमच्या भाषेत काही बोलायला गेले की ती आधी त्यांच्याकडे बघायची आणि पुन्हा माझ्या तोंडावर हात ठेवायची. शेवटी तिने हात तिथेच ठेवला. वैशाखरे येईपर्यंत तो तसाच होता, आणि मी तो काढला नाही.

तुमची,
यमू